चाक वाजले की थांबायचे

मित्रांनो, जरा बाजूला व्हा, मी येते आहे! मी नाशिकच्या फुलबाजारातली एक जुनी हातगाडी आहे. सायखेड्याच्या एका सुताराने बाभळीच्या फळ्यांपासून मला घडवले आणि खाली सायकलची चार चाके बसवली. तेव्हापासून मी भिमाजी आणि नवसाबाई या जोडप्याकडे आहे. त्यांच्या मळ्यातला झेंडू टेम्पोने बाजारात उतरतो. तिथून पुढे माझे काम. नवी होते तेव्हा माझे फार कौतुक झाले. मग रंग उडाला आणि लोक मला खटारा म्हणू लागले. पण भिमाजीची एक सवय कधी सुटली नाही. माझे चाक जरा कुरकुरले, की तो जागच्या जागी थांबतो. वंगण घालतो, मगच पुढे ढकलतो.

त्या दिवशी दसऱ्याचा बाजार होता. काय ती गर्दी! पिवळे, भगवे ढीग आणि नुसती आरडाओरड! नवसाबाई पाटी घेऊन लगबगीने निघाली आणि ओल्या देठांवरून तिचा पाय सटकला. पाऊल माझ्या चाकापाशी अडकले, अंग वळले आणि ती पडली. गुडघ्यात 'कट्' वाजले. मी शेजारीच होते, मी ऐकले!

"काय नाय झालं," म्हणत ती उठली. पाय टेकवताच गुडघा लचकला आणि तिने माझी दांडी घट्ट धरली. बघता बघता गुडघा टम्म सुजला.

शेजारची फुलवाली झुंबरबाई पदर खोचून आली. "वाटी सरकलीय! तुमी खांदे धरा, मी पाय ओढते. आमच्या मामानं अशी किती माणसं चालवली!"

"चालवली का पळवली?" लिंबूसोडावाला निसार ओरडला. "मावशीचा पाय ओढू नका!" त्याने फडक्यात बर्फ गुंडाळून आणला आणि गुडघ्यावर धरला.

नवसाबाई मात्र हट्टाला पेटली. "मला खाली बसवा. मांडी घातली की बरं वाटंल. दसरा सरल्यावर ह्या झेंडूला कोण इचारतंय? सगळी मेहनत मातीत जाईल."

माझा तर जीव टांगणीला लागला. गुडघा वाजलेला, सुजलेला, पाय भार घेईना, आणि ही मांडी घालायला निघाली!

भिमाजी तिच्यापुढे वाकला. "नवसे, गाडीचं चाक वाजलं तर मला पुढं ढकलू देतीस का?"

"नाय."

"का गं?"

"चाकाचा आख मोडंल ना..." ती बोलता बोलता थांबली.

"मग तुझ्या गुडघ्यानं काय पाप केलं?"

नवसाबाईने मांडी घालायचा हट्ट सोडला. मग झुंबरबाईच म्हणाली, "जावा घेऊन. तुमचा झेंडू मी विकते. पण डॉक्टरलाबी ओढू देऊ नका!"

एवढ्या गर्दीत रिक्षा कुठून शिरणार? मग काय, मीच! नवसाबाईला माझ्यावर बसवले, पाय फुलांच्या गोणीवर उंच ठेवला. भिमाजी ढकलतोय, निसार पुढे ओरडतोय, "सरका, सरका!" एका आजोबांना वाटले देवीची मिरवणूक आली. त्यांनी हात जोडले.

"अहो, हळू," नवसाबाई कण्हता कण्हता हसली, "देवी पडंल!"

दवाखान्यात एक्स-रे निघाला. हाड मोडले नव्हते, पण सांध्याला धरून ठेवणारा आतला बंध दुखावला होता. "ओढला नाही आणि चालवला नाही, हे फार बरं केलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी गुडघ्याला पट्टा बांधला, विश्रांती आणि बर्फाने शेकायला सांगितले. सूज उतरल्यावर व्यायाम सुरू झाला. झुंबरबाईने तर त्या दिवशी आपल्या फुलांआधी आमचा झेंडू विकला होता!

आता नवसाबाई जमिनीवर बसत नाही. भिमाजीने माझ्यावरच तिच्यासाठी फळी ठोकली आहे. खटारा म्हणणारेच आता मला सिंहासन म्हणतात! सकाळी भिमाजी आधी माझी चाके बघतो, मग तिला विचारतो, "आज वाजतंय का काही?"

"तुमचंच डोकं वाजतंय," ती म्हणते. तरी तो थांबून ऐकतो.

मित्रांनो, माझे चाक गेले तर दुकानात दुसरे मिळते. माणसाचे तसे नाही. आपले माणूस 'काय नाय झालं' म्हणाले, तरी थांबा. ते शेजारी आहे तोवर त्याचे ऐका. चला, आता वाट द्या. नवसाबाई बसली आहे, निघायचे आहे!