तोफगाडीमागे उभा राहिलेला कादिर

मी एक जुनी तोफगाडी आहे, मित्रांनो. सौदीतल्या अल खर्जच्या एका लष्करी आगाराच्या फाटकाशी उन्हात उभी असते. मला रणगाडा म्हणू नका. रणगाडा शत्रूला समोर बघतो. मी डोंगराआडून मारते. मी कुणाला मारलं ते मला कधी दिसलंच नाही, म्हणून माझं फार कौतुक झालं.

पूर्वी तोफा ओढून न्याव्या लागत. मांडामांड होईपर्यंत शत्रूच गोळा टाकी. मग इंजिनियर लोकांनी तोफच पट्ट्यांच्या गाडीवर चढवली. पुढे इंजिन, मागे तोफ, आणि धक्क्याने गाडी सरकू नये म्हणून शेपटीला जमिनीत रुतणारे दोन फाळ. मारायचं आणि पळायचं. माझा धक्का सोसायची एवढी सोय केली. आवाज सोसायची मात्र ज्याची त्याने करायची.

कादिर दाभोळचा, माझा मेकॅनिक. दुरुस्तीनंतर वाळवंटात चाचणी होई, तेव्हा धक्का झेलणाऱ्या नळ्यांतून तेल गळतं का, हे बघायला तो माझ्या मागेच उभा राही. कानांवर घालायची जाड टोपणं मिळाली होती, पण त्यांत घाम साचे. म्हणून हा अत्तराचा फाया कानात दाबून बसवी.

"कादिरभाय, निकाहला चाललाव काय?" त्याच्या जोडीचा नौशाद चिडवी. "टोपणं घाला ती!"

"अरे, आमचे अब्बा होडीवर फायाच घालायचे. दर्याचा वारासुद्धा कानात शिरत नाय."

वारा नसेल शिरत. मी शिरले. मला ओरडून सांगायचं होतं, पण माझ्या तोंडातून एकच गोष्ट बाहेर पडते.

यंदा त्याच्या लेकीचा, अफशाँचा निकाह ठरला. त्याने रजा मागितली. कफील, म्हणजे त्याला इथे कामाला आणणारा मालक, म्हणाला, "आधी लष्कराच्या सोहळ्यासाठी गाडी रंगव, मग जा." सोहळा निकाहनंतरचा. म्हणून त्या शुक्रवारी कादिर माझ्याच सावलीत मोबाईल धरून बसला. पडद्यावर नटलेली अफशाँ.

"अब्बा, तुमी आधी हो बोला. मग मी कबूल बोलते."

कादिर हसला. "हां, हां, जेवलो. गर्मी खूप आहे हितं."

"अब्बा, मी काय विचारते?"

"आवाज वाढव रे," तो शेजारी बसलेल्या नौशादला म्हणाला.

"फुल आहे, कादिरभाय."

तिकडे काझी थांबलेला, बायका कुजबुजू लागलेल्या. बापाच्या मनात नाही की काय! अफशाँची मान खाली गेली. मग नौशादने कादिरचा चेहरा दोन्ही हातांत धरून आपल्याकडे वळवला आणि ओठ फाकवून सावकाश म्हणाला, "पोरगी... तुमची... इजाजत... मागते."

कादिर इतक्या मोठ्याने "हो!" ओरडला, की फाटकावरचा पहारेकरी धावत आला. तिचं "कबूल" सगळ्यांनी ऐकलं. मीसुद्धा. त्याने फक्त ओठ हललेले पाहिले आणि मग डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी मला रंगाचे दोन हात बसले, तेही त्याच्याच हातून. त्याच्या कानांबद्दल आगाराचे साहेब म्हणाले, "वय झालं."

मित्रांनो, माझ्यासोबत फोटो काढायला आलात तर खुशाल काढा. माझी निगा राखणारे पुष्कळ आहेत. पण तुमच्या घरी कुणी पुन्हा पुन्हा "काय म्हणालास?" असं विचारत असेल, तर वैतागू नका. त्याच्यासमोर बसा, आणि परत सांगा.