दोरीला हात लावायचा नाही

आमची मुलगी नर्स आहे, त्यामुळे घरातही ती पेशंटशी बोलावं तशीच बोलते. अर्धांगवायूनं ह्यांचा उजवा हात लुळा पडला, त्याला सहा महिने झाले होते. होडी धक्क्याला नुसतीच बांधलेली. गुरुवारी लेकीनं फर्मान काढलं, "बाबा, एक मोठा मासा एकट्यानं काढून दाखवा. आईनं गळाच्या दोरीला हात लावायचा नाही. जमलं तर होडी राहील, नाहीतर रविवारी शेजारच्या सुतारकाकांना देऊन टाकू."

हे "बरं" म्हणाले. मला मात्र इतका राग आला, की अर्धा चहा मी बशीतच सांडला. होडी गेली तर हा माणूस खुर्चीत बसून खंगणार, हे मला दिसत होतं.

एक गोष्ट लेकीला ठाऊक नव्हती. महिनाभर हे अंगणात पाण्याची बादली दोरीनं ओढत होते. डाव्या हातानं ओढायची, दोरी टाचेखाली दाबायची, पुन्हा ओढायची. सगळ्या फरशीवर पाणी. मी रोज कटकट केली आणि रोज बादली भरून दिली.

शनिवारी सकाळी निघालो, तेव्हाच ऊन चटके देत होतं. लेक हाताची घडी घालून पुढच्या टोकाला बसली, हे मागच्या. वल्ही माझ्याकडे आली. एकतीस वर्षांच्या संसारात ती त्यांनी मला एकदाही दिली नव्हती. मला म्हणे दिशा कळत नाही.

उन्हाळ्यात खाडीचं उथळ पाणी तापलं, की मोठे मासे मोडक्या धक्क्याच्या खांबांशी सावलीला येतात. तिथे ह्यांनी जिवंत कोळंबी लावून गळ सोडला. दोन तास काही नाही. माझ्या पाठीमागे लेकीचे उसासे चालू होते.

मग दोरी सरसरली आणि जिताडा पाण्याबाहेर उसळला. दोरी जरा सैल पडली, की हा मासा डोकं झटकून गळ थुंकून टाकतो. हे ओढत होते, टाचेखाली दाबत होते. तेवढ्यात मासा उलटा फिरला आणि थेट होडीकडे सुटला. एका हातानं इतकी दोरी ओढून होणार कशी? ती पाण्यावर लोळायला लागली. माझे हात शिवशिवले.

"आई, हात नाही लावायचा," लेक म्हणाली.

"नाही लावत गं," म्हटलं, आणि जीव खाऊन वल्ही मारली. मासा आमच्याकडे येत होता आणि मी होडी त्याच्यापुढे पळवत होते. दोरी पुन्हा ताठ झाली.

"डावीकडे," हे ओरडले. मी आधीच वळले होते.

अर्ध्या तासानं मासा दमला. ह्यांनी दोरी टाचेखाली धरली, डाव्या हातानं जाळी खाली घातली आणि माझ्या हाताएवढा जिताडा होडीत घेतला. मला इतका आनंद झाला, की मी रडले.

लेक मात्र विचारात पडली होती. "आईनं दोरीला हात लावला नाही, खरंय. पण बाबा, हे काही एकट्यानं झालं नाही."



"नाहीच झालं," हे धापा टाकत म्हणाले. "होडी आता तुझ्या आईची. मी तिच्याबरोबर मासे धरायला येईन."

लेकीनं माझ्या हातातल्या वल्ह्यांकडे बघितलं. मग तिनं तिथूनच फोन लावला. "सुतारकाका, होडी देता येणार नाही. आईला लागते."

फोन ठेवून ती माझ्या शेजारी सरकली. "दमली असशील, वल्ही मला दे."

"हात लावायचा नाही," मी म्हणाले, आणि होडी घराकडे वळवली.