कॅसेटमधली खंजिरी

दिव्यानीनं शाळेच्या संगणकावर फुकटचं सॉफ्टवेअर टाकून बाबांच्या खंजिरीची एकेक थाप त्यात भरली होती. कळ दाबली की अगदी बाबांचाच हात वाजायचा! त्या थापा जोडून भजनाचा अख्खा ठेका तिनं कॅसेटवरही उतरवला होता.

गावातल्या प्रत्येक अंत्ययात्रेत खंजिरी वाजवणारे बाबाच माघात गेले, तेव्हा वाजवायला दुसरं कोणी उरलं नव्हतं. त्यांनी खंजिरीविना जाऊ नये म्हणून दिव्यानी टेपरेकॉर्डर उराशी धरून भजनी मंडळासोबत चालू लागली.

तळ्याच्या पाळीवर खांदा बदलायला तिरडी थांबली. भजनही थांबलं. खंजिरी मात्र तशीच धडधडत पुढं निघाली. पुन्हा चाल धरली, तर टाळ एकीकडे आणि ठेका दुसरीकडे.

"बंद कर बाई," टाळकरी लटारूभाऊ हळूच म्हणाले. "तुझा बाप खांदा देणाऱ्याइचे पाय पाहून वाजवे. याले कोणाचे पाय दिसत नाई."

"पण हात तर त्याईचाच आहे ना, भाऊ!"

"हात त्याचाच आहे, बाई."

दिव्यानीनं बटण दाबलं. मग बाबा नुसत्या टाळांवर नदीपर्यंत गेले.