कडीजवळची पानं

सांगदो आईला भेटायला नव्हे, दाराचा फोटो काढायला आला होता. त्याने ते कबूल केलं नसतं, पण बोंगिमने लेकाच्या खांद्यावरची कॅमेऱ्याची पेटी पाहूनच ओळखलं.

"बाबांनी लावलेली पानं, आई. सोल शहरातल्या फोटोंच्या प्रदर्शनात लागतील."

"काढ फोटो. पण दाराला हात लावायचा नाही, सांगून ठेवते."

थंडीच्या तोंडावर गावात लाकडी जाळीची कागदी दारं उतरवतात, अंगणात टेकवतात, पाणी मारून जुना कागद सोलतात आणि नवा डकवतात. कडीजवळ हात लागून कागद लवकर फाटतो, म्हणून तिथे दुहेरी कागद, आणि मध्ये मेपलची लाल पानं. या घरात ते काम सांगदोच्या बापाचं. गेल्या साली त्याने पानं लावली आणि थंडी सरायच्या आत तो गेला. यंदा गावची सगळी दारं पांढरीशुभ्र झाली, बोंगिमचं तेवढं फाटकं राहिलं. वारा आत यायचा, ती रात्ररात्र खोकायची, पण कागदाला कुणाला शिवू देईना.

दुपारी ती मुळे उपटायला शेतात गेली. सांगदोला घरातला उजेड पसंत पडेना. मागून ऊन मिळालं तर पानांची शीर न् शीर दिसेल, असं त्याच्या डोक्यात. त्याने दार बिजागरीवरून उचललं, अंगणात आणून पडवीच्या खांबाला टेकवलं आणि कॅमेऱ्याचा स्टँड आणायला गल्लीच्या टोकाला उभ्या गाडीकडे गेला.

आणि तेवढ्यात आली शेजारची काकू, माहेरगावावरून सगळे तिला हादोंगवाली म्हणत. बाई मनाची सोन्यासारखी, पण दुसऱ्याच्या घरचं काम दिसलं की हिचे हात शिवशिवलेच म्हणून समजा!

सांगदो परतला तर दाराची नुसती जाळी उरली होती. काकू ओल्या कागदाचा बोळा हातात घेऊन हसत उभी.

"घे रे, सोलून दिलं. तुझ्या आईला सांगून सांगून माझी जीभ झिजली होती!"

त्याने बोळा हिसकावून उलगडला. पानांचा बोटांत चोथा झाला. फोटो एकही काढला नव्हता.

बोंगिम आली आणि मुळ्यांची टोपली हातातच धरून उभी राहिली.

"सांगदोची आई, मला वाटलं तूच दार उतरवलंस गं..." काकू रडकुंडीला आली.

"तुझं काय चुकलं? अंगणात दार दिसलं की पाणी मारायचं, आपल्याला तेवढंच ठाऊक." मग ती लेकाकडे वळली. "पहाटे उजेड आला की आतून दिसायची रे ती पानं. एक रात्र झोपून बघायचं होतंस माझ्याशेजारी. तुला ऊन हवं होतं मेल्या, ऊन!"

ती पायरीवर बसली आणि मोठ्याने रडली. अंत्यविधीलाही अशी रडली नव्हती. सांगदोला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जाळी वाळली. बोंगिमने नाक पुसलं आणि चुलीवर खळ शिजत ठेवली.

"जा, पानं आण."

"बाबांची जागा ती. रिकामीच राहू दे, आई."

"माझा हात रोज तिथेच पडणार. रिकामी ठेवून फाडून घेऊ?"

त्याने पानं आणली. एक पान वाकडंच बसलं. वरून दुसरा कागद डकवून तो हलकेच म्हणाला, "हे तरी जपशील ना?"

"मुळीच नाही. तुझा बाप दर साली आपली पानं आपल्याच हाताने सोलायचा. तो पुन्हा लावायला येणार नव्हता, म्हणून जपली मी." तिने कागदावरून ओला हात फिरवला. "तू जिवंत आहेस. पुढच्या साली मीच पाणी मारून फाडणार हे. मग बघते, कोण येतं लावायला."