फीत लावलेल्या खोल्या

"मॅडम, कुलपांना हात लावायचा नाही. पाहुण्यांच्या हस्तेच चाव्या द्यायच्यात," साहेबांनी फोनवर पुन्हा तेच ऐकवलं आणि साइटवरच्या इंजिनिअरच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

भूकंपाने अख्खी वस्ती आडवी केली होती. तिने रक्ताचं पाणी करून माळावर दुहेरी पत्र्याच्या, थंडी अडवणाऱ्या खोल्या उभ्या केल्या. त्या तयार होऊन कधीच्या उभ्या होत्या. प्रत्येक दाराला कुलूप, कुलपावर लाल फीत. समोर ताडपत्रीखाली माणसं कुडकुडत होती, कारण पाहुण्यांना सवड नव्हती. खोल्या माणसांसाठी की फोटोसाठी, हे विचारायची सोय नव्हती.

आज सकाळी पहिल्या ताडपत्रीखालची बाळंतीण लेकराला उघड्या छातीशी धरून बसली होती. लेकराचे ओठ निळे पडले होते. तिची सासू हातातलं फडकं शेकोटीवर शेकत, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नावाने बोटं मोडत होती. इंजिनिअर तिथून तडक सुताराकडे गेली.

"काका, पहिल्या खोलीचं दार काढा."

"ताई, चावी साहेबांकडे आहे."

"कुलपाला हात कोण लावतंय? बिजागऱ्या काढा."

घाईघाईत बिजागऱ्या बाहेरून ठोकल्या गेल्या होत्या. त्यावरून साहेबांनी सुताराची चारचौघांत बिनपाण्याने केली होती. आता तोच गालातल्या गालात हसत स्क्रू काढायला बसला. दार कुलपाच्या अंगाने उलटं उघडलं. फितीची गाठसुद्धा हलली नाही. बाळंतीण आत गेली, सासूने दार आतून दोरीने आवळून घेतलं. दुपारपर्यंत लेकरू दूध ओढायला लागलं. इंजिनिअरला हायसं वाटलं.

दोन दिवसांनी पाहुणे आले. मागे कॅमेरेवाले, पुढे साहेब. पहिल्याच खोलीतून लेकराचं रडणं ऐकू आलं आणि साहेबांचा चेहरा उतरला.

"हे काय करून ठेवलंय?" ते दात खात म्हणाले. मग दाराच्या फटीशी वाकून त्यांनी आवाजात साखर घोळली. "वहिनी, जरा बाहेर या बरं. अर्ध्या तासाचाच प्रश्न आहे. फीत कापली की सन्मानाने आत जायचं."

बाहेर बोचरा वारा सुटला होता. इंजिनिअर तोंड उघडणार, तोच दोरी सुटली. भूकंपापासून चकार शब्द न बोललेली ती बाळंतीण उंबऱ्यात उभी राहिली.

"साहेब, माझं थोरलं घराखाली गेलं. हे तुमच्या फितीखाली घालू?"

पाहुणे हातातल्या कात्रीकडे बघत राहिले. सासूने सुनेला आत ओढलं आणि दार लावून घेतलं.

इंजिनिअरने मागे वळून पाहिलं. ताडपत्र्यांखालून सगळे याच दाराकडे बघत होते. त्यांच्याही मांडीवर लेकरं होती, म्हातारी माणसं खोकत होती, आणि आपण एक दार काढून दोन दिवस स्वतःची पाठ थोपटत बसलो! तिला साहेबांइतकाच स्वतःचा संताप आला.

"मॅडम, आता तरी ऐका," साहेब कुजबुजले. "बाकीच्या खोल्यांचं तरी नीट होऊ दे."

"होणारच आहे," ती मोठ्याने म्हणाली. "काका, पुढचं दार घ्या. आणि ज्यांच्याकडे स्क्रू काढायला काही असेल, त्यांनी आपापलं घ्या."

कॅमेऱ्यांसमोरूनच माणसं दारांकडे धावली.