वही संपल्यावर

जयतीर्थ बुद्धिबळाच्या पटावर विचार करत असले की घरात कुणी ब्र काढायचा नाही, असा बसवनगुडीच्या त्या घराचा नियम होता. हाक मारायची नाही, अंगाला हात लावायचा नाही. चाल झाली की ते स्वतःच "हं" म्हणत, मग बोलायचं. तुंगाबाईंनी लग्न होऊन आल्यापासून हा नियम कधी मोडला नव्हता.

सहा वर्षांपूर्वी एका सकाळी दोघांचा डाव रंगला होता. तुंगाबाईंनी घोडा पुढे घातला आणि समोर बसून राहिल्या. जयतीर्थांची मान खाली, नजर पटावर. दहा मिनिटं झाली, वीस झाली. चाळीस मिनिटांनी त्यांच्या मुठीतलं प्यादं जमिनीवर पडून घरंगळत गेलं, तेव्हा कुठे तुंगाबाई उठल्या. "स्वल्प आधी आणायचं होतं, अम्मा," एवढंच डॉक्टर म्हणाले.

नात रक्षिता कंपनीत संगणकाचं काम करते. आजोबांनी प्रत्येक डाव वहीत उतरवलेला. तिने त्या सगळ्या वह्या बुद्धिबळाच्या एका प्रोग्रामला भरवल्या.

"अज्जी, वहीत सापडतं तोवर हा फटाफट खेळतो. शून्य सेकंद. वही संपली की स्वतःचं डोकं चालवतो. तिथे पहिल्या चालीला जास्त वेळ घेतो, अनोळखी जागा नीट बघून घेतो."

"जास्त म्हणजे किती?"

"चाल अवघड असेल तेवढा. पण पाच मिनिटांवर नाही, तसं मी बांधून ठेवलंय. घड्याळात तीसच मिनिटं आहेत, पुढच्या चालींनाही पुरायला नकोत?"

"तुझ्या आजोबांना कुणी बांधलं नव्हतं."

"म्हणून तर तुम्ही दोघं बाराला जेवायच्याऐवजी तीनला जेवायचात!"

तुंगाबाई हसल्या नाहीत. त्यांना तोच शेवटचा डाव लावायचा होता. यंत्रही त्या जागी खोळंबलं, तर चाल खरोखर अवघड होती. हे विचारच करत होते, आणि आपण गप्प बसलो त्यात काही चुकलं नाही. सहा वर्षं त्यांना एवढंच कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.

डाव सुरू झाला. जुन्या चाली भराभर पडत गेल्या, समोरून क्षणाचाही उशीर नाही. मग तुंगाबाईंनी घोडा पुढे घातला. वही तिथेच संपत होती.

पडदा थांबला. घड्याळ तेवढं उतरू लागलं.

"बघ," चौथ्या मिनिटाला तुंगाबाई पुटपुटल्या. छातीवरचा दगड हलल्यासारखं वाटलं. "अवघडच होती."

पाच मिनिटं उलटली. सात. अकरा.

"अडकलं वाटतं," रक्षिता पुढे सरसावली. "बंद करून परत लावते."

"हात लावू नकोस! विचार चाललाय."

"अज्जी, पाचाच्या वर जाऊच शकत नाही ते."

तुंगाबाईंनी तोंडावर बोट ठेवलं. खिडकीबाहेर भरदुपारचं ऊन होतं, रिक्षा ओरडत होत्या, तरी खोलीत तीच जुनी शांतता येऊन बसली. वीस मिनिटं. पंचवीस. घड्याळात एक मिनिट उरलं, मग वीस सेकंद, मग दहा.

"अहो," तुंगाबाईंच्या तोंडून निघून गेलं. पटावर बसलेल्याला त्यांनी मारलेली ती पहिलीच हाक. "अहो, ऐकलंत का?"

त्याच क्षणी उंट सरकला.

रक्षिताने प्रोग्रामची नोंद उघडली आणि बोटाने शेवटची ओळ शोधली.

"काय लिहिलंय?"

"विचाराचा वेळ, शून्य सेकंद. चाल वहीतली." तिचा आवाज बारीक झाला. "पण वहीत ही चाल नाहीये, अज्जी. मी स्वतः भरलंय सगळं. शेवटची चाल तुमचीच आहे."

"शून्य म्हणजे? विचार केलाच नाही?"

"नाही. चाल आधीपासून तयार होती."

तुंगाबाई उंटाकडे बघत राहिल्या. साधी चाल होती, कुणालाही दिसली असती.

"मग हे एवढा वेळ कशाची वाट बघत होते गं?" त्यांनी विचारलं.

पडद्यावर आता तुंगाबाईंचं घड्याळ उतरू लागलं होतं.