तीन नंबरच्या टेबलावर बाबा

सकाळपासून मी सभागृहाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती पळत होते, आणि मला त्यात इतकी मजा येत होती की चहा प्यायचाच राहिला होता.

बोरिवलीच्या आमच्या सेंट गर्ट्रूड कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी एक सराव-दिवस असतो. बाहेरून खरी माणसं बोलावतात, कुणी कंपनीतलं, कुणी बँकेतलं, कुणी कॉलेजचेच जुने विद्यार्थी. ती मुलांच्या खोट्या मुलाखती घेतात. खोट्या म्हणायच्या, पण मुलं आदल्या दिवशी जेवत नाहीत. इस्त्रीचे शर्ट, वडिलांचे बूट, पावडरीचे वास. सकाळी प्रार्थना होते, दोन ओळी बायबलच्या, मग एक मिनिट शांतता, ज्याला जो देव आठवायचा तो आठवायला. त्या मिनिटात मी मात्र टेबलांचे नंबर आठवत होते, कारण टेबलांची आणि पाहुण्यांची व्यवस्था माझ्याकडे होती.

खरं तर मीही शेवटच्या वर्षाचीच विद्यार्थिनी. सेकंड इयरनंतर माझं लग्न झालं, मग अपू झाली, आणि कॉलेज सुटलं. अपू प्लेग्रुपमध्ये जायला लागली तशी मी परत आले. वर्गातली मुलं पहिला आठवडा मला ‘मॅम’ म्हणत होती. मग ‘ताई’. आता नुसती ‘गंधाली’, आणि तेच बरं आहे. मेजर मानसशास्त्र, मायनर मराठी. या कॉलेजची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच, इथे कुणालाही एका खणात बसू देत नाहीत. फिजिक्सचा ग्लेन कॉयरच्या, म्हणजे समूहगायनाच्या, तासाला बसतो आणि त्याचे क्रेडिट मिळवतो. अर्थशास्त्राची जान्हवी नीतिशास्त्राच्या तासाला एवढी भांडते की सर घंटा झाल्यावरही वर्गाबाहेर जात नाहीत. शिवाय प्रत्येकाला एक सत्र वस्तीत जाऊन शिकवायचं असतंच. माझ्या वाट्याला गणपत पाटील नगर आलं होतं, आणि तिथेच मला कळलं की मला पुढे काय करायचंय. मला मुलांशी बोलायचंय. काय शिकायचं, कुठे जायचं, कशाची भीती वाटते, हे सगळं त्यांच्याकडून ऐकून घ्यायचंय.

त्यासाठी जागा होती एकच. करिअर सेलमध्ये सिस्टर जसिंतांच्या हाताखाली वर्षभर मदतनीस. ज्याला ती मिळेल त्याला सिस्टर स्वतः समुपदेशन शिकवतात, आणि पुढे त्या कोर्सला प्रवेश घेताना त्यांचं शिफारसपत्र म्हणजे अर्धं काम झालेलं असतं. जागेसाठी आम्ही दोघं होतो, मी आणि विद्याधर. विद्याधर हुशार, गोड बोलणारा, आणि त्याला घरी जाऊन कुणाला भरवायचं नसतं. सिस्टरनी दोघांनाही सांगून टाकलं होतं, सराव-दिवशी मी बघणार आहे. सकाळचं सत्र त्याचं, दुपारचं तुझं.

आणि एक नियम होता, सिस्टरचा लाडका. सत्र चालवणाऱ्याच्या हातात एक छोटी पितळी घंटा असते. मुलाखतीत काही चुकलं की ती वाजवायची, सगळं तिथल्या तिथे थांबवायचं, आणि काय चुकलं ते उघड सांगायचं. मुलांचं चुकलं तरी, पाहुण्यांचं चुकलं तरी. सिस्टरचं म्हणणं, खोट्या मुलाखतीचा फायदाच हा, ती थांबवता येते.

दुपारी दोन गोष्टी एकदम झाल्या. तीन नंबरच्या टेबलावर येणाऱ्या बाईंचा फोन आला की त्यांना येणं जमत नाही. आणि फाटकातून माझे सासरे आत आले, कडेवर अपू.

सासूबाई गावाला गेलेल्या, नवऱ्याची, निहारची, शिफ्ट, म्हणून अपू बाबांकडे होती. ती आईशिवाय जेवणार नाही म्हणाली, आणि बाबा तिला डब्यासकट रिक्षात घालून घेऊन आले. मी अंगणात बाकावर बसून अपूला वरणभात भरवत होते तेवढ्यात सिस्टर तिथे आल्या. बाबांना नमस्कार केला, काय करत होतात म्हणून विचारलं. बाबा म्हणाले, साकीनाक्याला पॅकिंगच्या वर्कशॉपात सुपरवायझर होतो, माणसं घ्यायचं काम माझ्याकडेच होतं.

सिस्टरचे डोळे चमकले. तीन नंबरचं टेबल रिकामंच होतं.

बाबा माणूस म्हणून सोन्यासारखे. मला कॉलेजात परत जायचंय म्हटल्यावर पहिला होकार त्यांचाच होता. पण ते माणसं कशी घ्यायचे ते मी त्यांच्याच तोंडून शंभरदा ऐकलं होतं. मी सिस्टरना म्हटलं, बाबांना सवय नाही हो, त्यांना उगाच त्रास. बाबा म्हणाले, त्रास कसला. शर्टाची कॉलर नीट केली आणि निघाले. अपू सिस्टरच्या ऑफिसात रंगीत खडू घेऊन बसली आणि बाबा तीन नंबरच्या टेबलावर.

पहिला आला ग्लेन. बाबांनी त्याचा बायोडेटा उलटा ठेवून दिला आणि विचारलं, गाव कुठलं?

“इथलंच सर. मनोरी.”

“मग सणाला किती दिवस जाणार?”

ग्लेन म्हणाला, सर, मी रोज संध्याकाळी बोटीने जातोच घरी. आजूबाजूची मुलं हसली. बाबांनाही हसू आलं. त्यांनी समजावलं की आमच्याकडे सगळी कोकणातली माणसं, गणपतीत आणि शिमग्याला अर्धं वर्कशॉप रिकामं, म्हणून आधी गाव विचारायचं आणि मग कामाचं बोलायचं. ग्लेनने पुढचं सगळं घरी गप्पा मारल्यासारखं सांगितलं. पाठ केलेलं एकही वाक्य त्याच्या तोंडून आलं नाही. मला वाटलं, चला, निभावलं.

मग जान्हवी बसली.

गाव झालं, कोकणातलंच तळेरे निघालं, बाबा खूश. घरात कोण कोण झालं. आणि मग, अगदी प्रेमाने, बाबा म्हणाले, “लग्नाचं काय ठरलंय?”

जान्हवीने हातातली फाईल मिटली.

“नाही, विचारतो एवढ्यासाठी की मुलींना सगळं शिकवून तयार करायचं, आणि मग लग्न, मग पोर, की गेल्या. आमचं नुकसान.”

नीतिशास्त्राच्या तासाला सरांना घाम फोडणारी ही मुलगी. तिने मांडीवरची ओढणी नीट केली आणि इतक्या बारीक आवाजात म्हणाली, “नाही सर. सध्या तसा काही विचार नाही सर. पुढची चार वर्षं तरी नाही.” जणू काही गुन्हा केला होता आणि आता वचन देऊन सुटायचं होतं.

घंटा माझ्या हातात होती. दुपारभर मी ती बिनधास्त वाजवत होते. मान खाली घालून बोलतोस, वाजव. खुर्चीत रेललायस, वाजव. आता हात हलेना. घरात मी बाबांना कधी उलट उत्तर दिलेलं नाही, आणि ते कुणाच्या धाकाने नाही, त्यांनी तशी वेळच आणली नाही. समोर चाळीस-पन्नास मुलं, चार बाहेरचे पाहुणे, पलीकडे विद्याधर, आणि दारात सिस्टर. मी सासऱ्यांना सगळ्यांदेखत अडवलं तर घरी काय होईल ते कळत नव्हतं. नाही अडवलं तर काय होईल, ते मात्र जान्हवीच्या आवाजात नुकतंच ऐकलं होतं.

मी घंटा वाजवली. जरा जास्तच जोरात वाजली. सगळी टेबलं थांबली.

“बाबा, थांबा. हा प्रश्न विचारता येत नाही.”

बाबांनी वर पाहिलं. ते चिडले की मालवणीवर येतात.

“मिया काय खोटा इचारलंय? असाच होता मां?”

“असंच होतं. पण ग्लेनला विचारलंत का?”

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. मग ग्लेनकडे बघितलं. मग म्हणाले, “नाय.”

“त्याचंही लग्न होणार. त्यालाही पोर होणार.”

मागून कुणीतरी म्हणालं, त्याची आशा कमी आहे, आणि सभागृह हशाने दणाणलं. ग्लेनने त्या दिशेने पेन फेकलं. त्या गोंधळात मी जान्हवीकडे वळून सांगितलं की हा प्रश्न कुठेही आला तरी माफी मागायची नाही, वचनं द्यायची नाहीत, शांतपणे म्हणायचं, मला कामाबद्दल विचारा. बाबा टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत बसले होते. हसू थांबल्यावर त्यांनी मला विचारलं, चिडून नाही, खरंच विचारलं, “मग रजेचा हिशेब लावायचा कसा?”

“रजेचं विचारा ना. दोघांनाही विचारा. फक्त लग्नाचं नको.”

बाबांनी मान हलवली. जान्हवीला म्हणाले, “बरं, पुन्हा बसू. समज, दोन ऑर्डरी आजच जायच्यात. एक जुन्या गिऱ्हाइकाची, लहान. एक नव्याची, मोठी. माणसं गेलीत गणपतीला. कुठली अडवशील?”

जान्हवी पुढे सरकली. विचारलं, नव्याने आगाऊ पैसे दिलेत का? जुन्याचा माल नाही गेला तर त्याचं काम अडतं का? टेम्पो एकच आहे का? बाबा म्हणाले, तू माझी मुलाखत घेतेस की मी तुझी. मग दोघांची अशी जुंपली की पुढचा मुलगा उभ्यानेच ऐकत राहिला, आणि बाजूच्या टेबलावरच्या बँकेच्या साहेबांनी खुर्ची वळवून घेतली. जान्हवीचा आवाज खिडकीबाहेर जात होता. मला तिला मिठी मारावीशी वाटली, पण मी व्यवस्था बघत होते.

सत्र संपलं. सिस्टर जाताना एवढंच म्हणाल्या की उद्या बोलू. मला वाटलं, लागली वाट. पाहुण्याला अडवलं आणि तेही घरच्याच माणसाला.

रिक्षात अपू माझ्या मांडीवर झोपली. तिच्या बोटांना खडूचा निळा रंग होता. बाबा लिंक रोडभर बाहेरच्या पाट्या वाचत होते. घरात शिरताच त्यांनी सासूबाईंना गावाला फोन लावला, नेहमीसारखा स्पीकरवर, आणि चप्पल काढता काढता सांगितलं, “तुझ्या सुनेन आज माझ्यार घंटा वाजवली. पन्नास माणसात.”

मी स्वयंपाकघरात गॅससमोर उभी राहिले. पलीकडून सगळं तपशिलात विचारून झालं. मग सासूबाई म्हणाल्या, “तिका सांग, माका पण तशी एक आणून दी म्हणान. घरात होयी माका.”

बाबा इतके हसले की अपू उठली. मग त्यांनी आत येऊन मला विचारलं की या कामाचे पैसे मिळतात का. मी म्हटलं, जागा मिळाली तर थोडे, पण आता ती विद्याधरलाच जाईल. बाबा म्हणाले, का, त्यानं कुणाला अडवलं? मी म्हटलं, पाहुण्यांना नाही.

दुसऱ्या दिवशी सिस्टरच्या ऑफिसात विद्याधर आधी बसलेला होता. सकाळी त्याच्या सत्रातही एका पाहुण्याने एका मुलीला असंच काहीतरी विचारलं होतं. त्याने घंटा खिशात ठेवली होती, पाहुण्यांना वाईट वाटेल म्हणून. हे त्याने स्वतःच सिस्टरना सांगितलं. “तुझं बघितल्यावर कळलं यार,” तो मला म्हणाला. सिस्टर हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी करिअर सेलची किल्ली टेबलावरून माझ्याकडे सरकवली, आणि विद्याधरला सांगितलं की पुढच्या सराव-दिवसाची तयारी तू करायचीस, गंधालीबरोबर.

मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले. खाली बाबांना फोन केला, निहारला केला, दोघांचेही व्यस्त, म्हणून प्लेग्रुपला फोन करून अपूला फोनवर बोलावून घेतलं आणि तिला सांगितलं. ती म्हणाली, मग खाऊ आण.

सोमवारी मी सेलची खिडकी उघडली, टेबल पुसलं, समोर दोन खुर्च्या मांडल्या. पहिली आली ती बारावी झालेली एक मुलगी, आईबरोबर. मी मुलीला विचारलं, काय आवडतं? आई म्हणाली, तिला कॉमर्स. पुढे काय करावंसं वाटतं? आई म्हणाली, ती सीए करणार आहे. मुलगी पंख्याकडे बघत होती.

गंमत म्हणजे या वेळी मला भीती वाटत नव्हती.

“काकू,” मी म्हटलं, “तुमचं मी सगळं ऐकणार आहे. पण आधी हिचं.”

काकूंनी पर्स मांडीवर घेतली. मुलीने पंख्यावरून नजर काढली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

“मला ना,” ती म्हणाली, “हसाल तुम्ही.”

“नाही हसणार,” मी म्हटलं, आणि खुर्ची पुढे ओढून घेतली.